स्मॉलकॅपचा जादा परतावा नेमका येतो कुठून?

मुंबईत शेअरबाजारावर बोलायला दलाल स्ट्रीटला जावं लागत नाही. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा विषय निघतोच, आणि निघाला की कुणीतरी ठामपणे सांगतं, "अहो, लार्जकॅपमध्ये आता काय उरलंय? लांबचं बघायचं असेल तर स्मॉलकॅपच." लार्जकॅप म्हणजे मोठ्या कंपन्यांचे शेअर, स्मॉलकॅप म्हणजे छोट्यांचे. सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा २०२१ साल असतं. त्या वर्षी सेन्सेक्स २२ टक्क्यांच्या आसपास वाढला आणि बीएसईचा स्मॉलकॅप निर्देशांक ६० टक्क्यांच्या वर गेला. २०१८ मात्र कुणी काढत नाही. तेव्हा सेन्सेक्स वर्षभरात सुमारे ६ टक्के चढला होता आणि स्मॉलकॅप निर्देशांक २० टक्क्यांहून जास्त घसरला होता.

छोट्या कंपन्यांचे शेअर जास्त परतावा देतात, या समजुतीमागे चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं संशोधन आहे. पण ते मुळातून पाहिलं तर ही समजूत बरीच आकसते. दर महिन्याला स्मॉलकॅप फंडात एसआयपी भरणाऱ्याला हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात बीटापासून करू. १९६०च्या दशकात विल्यम शार्प आणि इतर काही अर्थतज्ज्ञांनी एक सुटसुटीत कल्पना मांडली. एकट्यादुकट्या कंपनीवर येणारी संकटं, म्हणजे कारखान्यातली आग, हरलेला खटला किंवा अचानक निघून गेलेला मोठा ग्राहक, पुरेसे वेगवेगळे शेअर घेतले की एकमेकांत विरून जातात. जी जोखीम टाळता येते ती घेतल्याबद्दल बाजार मोबदला देत नाही. उरते ती सगळ्या बाजाराबरोबर वरखाली होण्याची जोखीम, आणि तिचं माप म्हणजे बीटा. एखाद्या शेअरचा बीटा १.३ असेल तर बाजार १० टक्के चढल्यावर तो सरासरी १३ टक्के चढेल आणि बाजार १० टक्के पडल्यावर तेवढाच जास्त आपटेल. ज्याचा बीटा जास्त त्याचा दीर्घकाळचा सरासरी परतावा जास्त, एवढंच या सिद्धान्ताचं म्हणणं. शार्प यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं ते प्रामुख्याने याच कामासाठी.

पण आकडे सिद्धान्ताचं ऐकेनात. १९७७ मध्ये संजय बसू यांनी दाखवलं की कमी पीईचे, म्हणजे कमाईच्या मानाने स्वस्त असलेले शेअर बीटाच्या हिशेबापेक्षा जास्त देतात. १९८१ मध्ये रॉल्फ बान्झ यांनी न्यूयॉर्कच्या बाजारातली १९३६ ते १९७५ अशी चाळीस वर्षं तपासली. छोट्या कंपन्यांचा परतावा त्यांच्या बीटाला शोभेल त्यापेक्षा जास्त निघाला. याला 'साइज इफेक्ट' हे नाव पडलं आणि स्मॉलकॅपच्या जाहिरातीला जगभर आधार मिळाला.

बान्झ यांच्याच निबंधातल्या तीन गोष्टी मात्र जाहिरातीत आल्या नाहीत. जादा परतावा जवळजवळ सगळा अगदी चिमुकल्या कंपन्यांमध्ये होता. मध्यम आणि मोठ्या कंपन्यांत फारसा फरक नव्हता. तो दर दशकात सारखाही नव्हता. आणि आकार हेच खरं कारण आहे की आकाराआड दुसरंच काही दडलंय, हे आपल्याला ठाऊक नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. पुढच्या चार दशकांतलं निम्मं संशोधन या तिसऱ्या मुद्द्यामागे धावलं आहे.

दोनच वर्षांनी डोनाल्ड कीम यांनी महिनेवार आकडे मांडले. अमेरिकेतल्या साइज इफेक्टचा जवळपास निम्मा भाग एकट्या जानेवारीत येत होता, आणि त्यातलाही मोठा हिस्सा पहिल्याच आठवड्यात. तिथलं करवर्ष डिसेंबरात संपतं. तोटा दाखवायला लोक पडलेले छोटे शेअर डिसेंबरात विकतात आणि जानेवारीत भाव सावरतात, असं एक स्पष्टीकरण दिलं गेलं. कारण काहीही असो, वर्षभर संथपणे मिळणारा मोबदला अशी जी कल्पना होती तिला इथे तडा गेला.

१९९२ मध्ये युजीन फामा आणि केनेथ फ्रेंच यांनी १९६३ ते १९९० या काळातले अमेरिकी शेअर घेऊन हे सगळं एकत्र तपासलं. आकाराचा परिणाम बाजूला काढल्यावर बीटा आणि सरासरी परतावा यांच्यात संबंधच उरेना. कंपनीचा आकार आणि तिच्या पुस्तकी मूल्याचं बाजारभावाशी असलेलं प्रमाण या दोन गोष्टींनी मात्र बरंच काही उलगडलं. पुढच्याच वर्षी त्यांनी तीन फॅक्टरचं, म्हणजे परतावा उलगडणाऱ्या तीन घटकांचं मॉडेल मांडलं. ते कसं बनतं हे एकदा हाताने करून पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून इथे जरा थांबू.

बाजारातल्या सगळ्या कंपन्यांची यादी घ्या. बाजारमूल्य म्हणजे शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर. त्यानुसार यादीचे दोन भाग करा, छोट्या आणि मोठ्या. मग प्रत्येक कंपनीचं पुस्तकी मूल्य, म्हणजे ताळेबंदातली भागधारकांची रक्कम, तिच्या बाजारमूल्याने भागा. हे प्रमाण जास्त असलेल्या ३० टक्के कंपन्या 'स्वस्त', कमी असलेल्या ३० टक्के 'महाग', मधल्या ४० टक्के 'मध्यम'. दोन गुणिले तीन, असे सहा गट झाले. ताळेबंद लोकांच्या हाती पडायला वेळ लागतो, म्हणून फामा आणि फ्रेंच डिसेंबरचे आकडे घेऊन गट मात्र जूनअखेर पाडतात आणि वर्षभर तसेच ठेवतात.

आता एखाद्या महिन्यात या गटांचा परतावा असा आला असं समजू: छोट्या महाग १ टक्का, छोट्या मध्यम १.६, छोट्या स्वस्त २.२, मोठ्या महाग ०.८, मोठ्या मध्यम १.१, मोठ्या स्वस्त १.४. छोट्या तीन गटांची सरासरी १.६, मोठ्या तिन्हींची १.१. वजाबाकी ०.५ टक्के, हा त्या महिन्याचा साइज फॅक्टर. दोन्ही स्वस्त गटांची सरासरी १.८, दोन्ही महागांची ०.९. वजाबाकी ०.९ टक्के, हा व्हॅल्यू फॅक्टर. तिसरा फॅक्टर म्हणजे बाजाराचा परतावा वजा सरकारी ट्रेझरी बिलाचा परतावा. बस्स, एवढंच. यात भविष्य सांगणारं काही नाही, नुसत्या सरासऱ्या आणि वजाबाक्या आहेत. छोट्यांची तुलना करताना स्वस्त-महागचं मिश्रण दोन्हीकडे सारखं राहावं, म्हणजे आकाराचा परिणाम वेगळा दिसावा, यासाठी ही गटांची खटपट.

पुढे यात भर पडत गेली. १९९३ मध्ये जेगदीश आणि टिटमन यांनी दाखवलं की गेल्या तीन ते बारा महिन्यांत वर गेलेले शेअर पुढचे काही महिनेही सरासरीने पुढे राहतात. हा मोमेंटम. १९९७ मध्ये मार्क कारहार्ट यांनी तो चौथा फॅक्टर म्हणून घेतला आणि त्या मापाने म्युच्युअल फंड तपासले. २०१५ मध्ये फामा आणि फ्रेंच यांनी नफाक्षमता आणि कंपनीचा विस्ताराचा वेग असे दोन फॅक्टर आपल्या मॉडेलमध्ये घातले.

इथे दोन वेगळे प्रश्न एकात एक मिसळले जातात, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच होतो. पहिला प्रश्न: छोटे शेअर एकत्र वरखाली होतात का? दुसरा: त्यांचा दीर्घकाळचा सरासरी परतावा जास्त असतो का? पहिल्याचं उत्तर ठाम हो आहे. कर्ज महाग झालं, पैसा आटला, लोक घाबरले की छोट्या कंपन्यांचे शेअर एकजुटीने पडतात, मग एक रसायनं बनवत असो आणि दुसरी हॉटेलं चालवत असो. त्यामुळे एखाद्या पोर्टफोलिओचे चढउतार समजून घ्यायला साइज फॅक्टर हवाच. पण म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो होत नाही. शेअर एकत्र हलले तरी त्या हलण्याचा मोबदला शून्य असू शकतो.

आपल्याकडे नेमकं हेच दिसलं. अहमदाबादच्या आयआयएममधले शोभेश अगरवाला, जोशी जेकब आणि जयंत वर्मा यांनी १९९३ ते २०१२ या काळातल्या भारतीय शेअरसाठी हे चार फॅक्टर काढले. ज्या शेअरमध्ये धड उलाढालच होत नाही ते त्यांनी वगळले, कारण जे विकत घेता येत नाही त्याचा परतावा मोजून उपयोग काय? वर्षाची सरासरी अशी आली: मोमेंटम २२ टक्क्यांच्या आसपास, व्हॅल्यू १५ टक्क्यांच्या आसपास, बाजार ११.५ टक्के आणि साइज शून्य. वीस वर्षांत, खरोखर खरेदी करता येण्याजोग्या शेअरमध्ये, केवळ छोटं असण्याचा जादा मोबदला मिळाला नाही. लोकलमधल्या त्या ठाम वाक्यापुढे मी नेहमी हा आकडा ठेवतो.

मग सुरुवातीच्या अभ्यासांत साइज इफेक्ट एवढा ठळक का दिसला? एक कारण मेलेल्या कंपन्या. डबघाईला आलेली कंपनी बाजारातून काढली जाते तेव्हा तिचा शेवटचा मोठा तोटा अनेकदा आकडेवारीत नोंदलाच जात नाही. टायलर शमवे यांनी १९९०च्या दशकात ही गळती दाखवली. अमेरिकेतल्याच नॅसडॅकच्या बाजारात ती भरून काढल्यावर साइज इफेक्ट जवळपास नाहीसाच झाला. आपल्याकडे तर हे समजवायला निबंध लागत नाही. १९९०च्या दशकात पब्लिक इश्यू काढून पसार झालेल्या कंपन्यांचा शोध घ्यायला १९९९ मध्ये केंद्र सरकारला समिती नेमावी लागली होती. गिरगावात, परळमध्ये, पार्ल्यात अनेक घरांच्या कपाटांत त्या काळचे कागदी शेअर अजून पडून आहेत. पैसे दुप्पट करणाऱ्या छोट्या कंपनीची गोष्ट घरोघरी सांगितली जाते. या कागदांना कुठल्याही निर्देशांकात जागा नाही.

दुसरं कारण तरलता, म्हणजे शेअर झटकन आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या भावाला विकता येणं. दादरच्या फ्लॅटला गिऱ्हाईक महिन्याभरात मिळतं आणि कर्जतपलीकडच्या प्लॉटला वर्ष-दीड वर्ष लागतं. प्लॉट घेणारा म्हणूनच भाव पाडून मागतो. छोट्या शेअरचंही तसंच. एका छोट्या कंपनीचा शेवटचा सौदा ११२ रुपयांना झालाय आणि तुम्हाला १,५०० शेअर विकायचेत असं धरा. ब्रोकरच्या अ‍ॅपवर खरेदीदारांची रांग दिसते: १११.२० ला १५० शेअर, ११०.५० ला ३००, १०९ ला ४०० आणि १०७.५० ला ६५०. बाजारभावाला ऑर्डर टाकली तर ही चारही पायऱ्या उतरून तुमचे शेअर जातील. हाती येतील १,६३,३०५ रुपये. स्क्रीनवरच्या ११२ च्या हिशेबाने मिळायला हवे होते १,६८,०००. ब्रोकरेज आणि कर सोडून २.८ टक्के एका विक्रीत गेले. घेतानाही असंच थोडं गेलं असणार. निफ्टीतल्या मोठ्या शेअरमध्ये एवढ्याच रकमेला हा फरक पैशांत मोजावा लागतो. आणि वाईट बातमी आली की छोट्या शेअरला लोअर सर्किट लागतं, म्हणजे भाव दिवसभरात पडण्याच्या ठरलेल्या मर्यादेला टेकतो, खरेदीदारांचा रकाना रिकामा होतो, कुठल्याच भावाला विकता येत नाही.

म्हणजे कागदावरच्या जादा परताव्यात हा खर्च धरलेलाच नसतो. फंडाला तर १,५०० नव्हे, लाखो शेअर विकायचे असतात. याच काळजीतून बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या सांगण्यावरून मार्च २०२४ पासून मिडकॅप आणि स्मॉलकॅप फंड स्ट्रेस टेस्टचे आकडे जाहीर करतात: पोर्टफोलिओचा २५ टक्के आणि ५० टक्के भाग विकायला किती दिवस लागतील. फंडाच्या परताव्याइतकंच काळजीपूर्वक हे दिवस वाचावेत असं मला मनापासून वाटतं, विशेषतः पाच-सात वर्षांत मुलीच्या शिक्षणाला पैसे लागणार असतील तेव्हा.

एक खुलासा इथेच करायला हवा. बान्झ यांच्या चिमुकल्या कंपन्या आणि आपल्या फंडांचं स्मॉलकॅप या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सेबीच्या २०१७ च्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्या लार्जकॅप, १०१ ते २५० मिडकॅप आणि २५१ पासून पुढच्या सगळ्या स्मॉलकॅप. ही यादी दर सहा महिन्यांनी बदलते. २०२४ अखेरच्या यादीत २५१व्या जागेजवळच्या कंपनीचं बाजारमूल्य ३०,००० कोटी रुपयांहून जास्त होतं. त्यामुळे एका स्मॉलकॅप फंडात बऱ्यापैकी मोठ्या कंपन्या असू शकतात आणि दुसऱ्यात खरोखर छोट्या, नाव मात्र दोन्हींचं एकच.

तरीही साइज फॅक्टर पूर्ण निकालात निघाला असं मी म्हणणार नाही. २०१८ मध्ये क्लिफ अ‍ॅसनेस आणि सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. छोट्या कंपन्यांच्या गर्दीत भंगार जास्त असतं: नफा तुटपुंजा, कर्ज भरपूर, कारभार अस्थिर. गुणवत्तेचा हा फरक बाजूला काढून सारख्या दर्जाच्या छोट्या आणि मोठ्या कंपन्या समोरासमोर ठेवल्या, तर छोट्यांचा जादा परतावा पुन्हा दिसू लागतो, आणि तो नुसता जानेवारीपुरता राहत नाही. फामा आणि फ्रेंच यांचं पाच फॅक्टरचं मॉडेलही नेमकं इथेच अडखळतं. नफा कमी असूनही धडाधड विस्तार करणाऱ्या छोट्या कंपन्यांचा परतावा मॉडेलच्या अंदाजापेक्षाही वाईट निघतो. तेजीत टिप्स फिरतात त्या बहुतेक अशाच कंपन्यांच्या असतात, हे ज्याने दोन-तीन तेज्या पाहिल्यात त्याला वेगळं सांगायला नको.

हे फॅक्टर मोबदला का देतात यावर मात्र अजून एकमत नाही. फामांच्या बाजूचे लोक म्हणतात, ही जोखमीची किंमत आहे; स्वस्त आणि छोट्या कंपन्या मंदीत आधी बुडतात. दुसरी बाजू म्हणते, माणसं चुकतात. चकचकीत कंपनीच्या वाढीचा अंदाज ताणून धरतात आणि कंटाळवाण्या कंपनीला उगाच पाण्यात पाहतात. २०१३ चं नोबेल फामा आणि रॉबर्ट शिलर या दोन टोकांच्या विचारवंतांना एकत्र मिळालं, लार्स पीटर हॅन्सन यांच्यासह. गुंतवणूकदाराला या वादाचा व्यवहारी अर्थ आहे. मोबदला जोखमीचा असेल तर तो टिकेल, पण वाईट काळात सोसावं लागेल. लोकांच्या चुकांचा असेल तर चूक सगळ्यांना कळल्यावर आटेल. मॅकलिन आणि पॉन्टिफ यांनी अशा ९७ निकषांचा मागोवा घेतला, तर निबंध छापून आल्यानंतर त्यांचा परतावा सरासरी ५८ टक्क्यांनी घटलेला आढळला. कॅम्पबेल हार्वे आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३१६ फॅक्टर मोजले आणि त्यातले बरेचसे योगायोगाने सापडले असावेत असा इशारा दिला. हजारो लोक तेच आकडे चाळत बसले की काहीतरी चमकणारच.

आता हे सगळं आपल्या फंडाला लावून पाहू. समजा, एका स्मॉलकॅप फंडाने वर्षात ३० टक्के दिले आणि सगळे मॅनेजरचं कौतुक करताहेत. त्या वर्षी ट्रेझरी बिलावर ६ टक्के मिळाले आणि बाजाराने १८ दिले, म्हणजे बाजाराचा जादा परतावा १२. साइज फॅक्टर १० टक्के, व्हॅल्यू ५ टक्के. फंडाचे जुने मासिक आकडे या फॅक्टरशी जुळवल्यावर असं दिसलं की त्याचा बाजाराशी बीटा १.१ आहे, साइजशी ०.८ आणि व्हॅल्यूशी ०.२. हिशेब असा: बाजारामुळे १३.२, साइजमुळे ८, व्हॅल्यूमुळे १, अधिक ट्रेझरी बिलाचे ६. बेरीज २८.२. मॅनेजरच्या निवडीच्या नावावर उरले १.८ टक्के. बाकीचं त्या वर्षी छोट्या शेअरमध्ये नुसतं उभं राहिल्याने मिळालं, आणि ते निर्देशांकाचीच नक्कल करणाऱ्या स्मॉलकॅप इंडेक्स फंडातही बऱ्याच कमी खर्चात मिळालं असतं. साइज फॅक्टर उणे १० आला त्या वर्षी याच ०.८ मुळे ८ टक्के जातील, तेव्हा मॅनेजर बिघडला असंही समजू नये.

फॅक्टशीट, म्हणजे फंडाचं माहितीपत्रक वाचताना म्हणूनच फंडाची तुलना सेन्सेक्सशी न करता त्याच्या जातीच्या निर्देशांकाशी करावी, तीही लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी. फेब्रुवारी २०१८ पासून सेबीने फंडांना तसं बंधनकारकच केलं आहे.

राहिला तो १.८ टक्क्यांचा प्रश्न: हे कौशल्य की नशीब? फॅक्टरचा वाटा काढल्यावर फंडाचा उरलेला परतावा दरवर्षी साधारण ६ टक्के इकडेतिकडे हलतो असं धरलं, तर संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर १.८ ला खरं मानायला सुमारे ४५ वर्षांचे आकडे लागतात. बीएसईचा स्मॉलकॅप निर्देशांक सुरू झाला २००५ मध्ये.